प्रवाशाचा विमा : संरक्षण कशाचे आणि किती?

बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी या गावाजवळ, तढेगाव फाट्याच्या परिसरात, लोखंडी सळया आणि माणसे एकत्रच वाहून नेणारा एक टिप्पर उलटला. समृद्धी महामार्गाच्या कामासाठी परराज्यांतून आलेले तेरा मजूर त्या सळयांखाली दबून मृत्यू पावले. पुढे दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर, याच तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर उलटली व पेटली. बसमधील तेहतीस जणांपैकी पंचवीस जण दगावले. मजूर महामार्ग बांधताना गेले आणि प्रवासी बांधून झालेल्या महामार्गावर गेले. दुःख दोहोंकडे सारखेच. परंतु विम्याचा कायदा या दोन अपघातांकडे एकाच नजरेने पाहत नाही. बसमधील प्रवासी हा कायद्याच्या दृष्टीने प्रवासी असतो. सळयांवर बसलेला माणूस मात्र प्रवासी होता की नोकर, की फुकट बसून आलेला आगंतुक, हे आधी ठरवावे लागते, आणि त्याच्या वारसांना काय मिळणार हे त्या उत्तरावर अवलंबून राहते.

अशा प्रत्येक अपघातानंतर वर्तमानपत्रांतून काही आकडे झळकतात. पिंपळखुट्याच्या वेळी राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये आणि पंतप्रधानांच्या राष्ट्रीय साहाय्यता निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. पुष्कळांची समजूत अशी असते की, हाच तो विमा. वस्तुतः हे सानुग्रह साहाय्य आहे. ते शासन आपल्या इच्छेने देते, त्यावर कोणाचा हक्क नसतो आणि ते मिळाले म्हणून हक्काची नुकसानभरपाई संपतही नाही. हक्काची भरपाई वेगळी आणि स्वतः हप्ता भरून घेतलेला विमा त्याहून वेगळा. ह्या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे अनेक कुटुंबे पहिल्या मदतीवरच समाधान मानून घरी बसतात. शाळेतील गुरुजी किंवा ग्रामपंचायतीतील कारकून यांच्याकडे कागद वाचून घेण्यासाठी जे येतात, त्यांचा पहिला प्रश्न 'आता आणखी काही मिळते का?' हाच असतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते.

प्रवाशाला विमा विकण्याची कल्पना आगगाडीबरोबर जन्मली. इंग्लंडमध्ये १८४८ साली निघालेली एक कंपनी तिकीटखिडकीवरच अपघात-विमा विकत असे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूने एक पेनी द्यावी आणि मृत्यू ओढवल्यास वारसांनी दोनशे पौंड घ्यावेत, असा तो व्यवहार होता. पेनीच्या मानाने रक्कम मोठी होती, याचे कारण अपघात क्वचित होत. प्रवास-विम्याचा हप्ता आजही स्वस्त असतो तो याच कारणाने. मात्र स्वस्त वस्तू कोणी नीट पारखून घेत नाही, हेही तितकेच खरे.

वाहनाचा विमा आणि त्यातील माणसे

रस्त्यावरील प्रवाशाचे सर्वांत मोठे संरक्षण त्याने स्वतः विकत घेतलेले नसते. ज्या वाहनात तो बसतो त्या वाहनाच्या सक्तीच्या विम्यात ते दडलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला त्रयस्थाविषयीच्या दायित्वाचा विमा सक्तीचा केला आहे, आणि भाड्याने प्रवासी नेणाऱ्या बस, जीप, टॅक्सी यांतील उतारूंचा समावेश त्यात होतो. भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागावयाची असते आणि ती मागण्यासाठी अपघाताच्या गावी जावे लागत नाही. दावा करणारा जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. पुण्याजवळ अपघात झाला म्हणून दुसरबीडच्या विधवेने पुण्याच्या चकरा मारण्याचे कारण नाही. तिला आपल्या जिल्ह्यात दावा लावता येतो.

न्यायाधिकरण भरपाई कशी काढते याचे गणित सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निर्णयांनी बरेचसे पक्के करून दिले आहे. समजा, अडतीस वर्षांचा एक शिक्षक, कर वजा जाता दरमहा ४० हजार रुपये पगार, मागे चार अवलंबित माणसे. नोकरी कायम आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढील वाढीपोटी पन्नास टक्के मिळवावयाचे, म्हणजे ६० हजार झाले. त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचा. उरले ४५ हजार. वर्षाचे ५ लाख ४० हजार. या वयाला गुणक पंधराचा. रक्कम येते ८१ लाख रुपये. तिच्यात अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरेंपोटी ठरावीक रकमा मिळवल्या जातात. आता अठ्ठावीस वर्षांचा, महिना १२ हजार मिळवणारा रोजंदारीवरचा माणूस घेतला, तर वाढ चाळीस टक्के, कपात तीच आणि गुणक सतराचा धरून सुमारे पंचवीस लाख सत्तर हजार होतात. ही आकडेमोड आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. तरीही ज्यांच्या आयुष्याशी तिचा संबंध आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

ती न पोचण्यातील धोका २०१९ च्या दुरुस्तीने वाढविला आहे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या कलम १६४ प्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करताच, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळू शकतात. तरतूद दयाळूपणाची आहे, यात शंका नाही. चालकाचा निष्काळजीपणा शाबीत करणे ज्यांना शक्य नाही, त्यांना तिचा आधार आहे. परंतु विमा कंपनीने देऊ केलेली ही रक्कम एकदा स्वीकारली की, न्यायाधिकरणापुढील मूळ दावा संपुष्टात येतो, असेही कायदा म्हणतो. दहाव्या दिवशी घरी येऊन कोणी कागद पुढे केला आणि शोकात बुडालेल्या माणसाने त्यावर सही केली, तर वर काढलेल्या ८१ लाखांच्या जागी ५ लाखांवर प्रकरण मिटते. चूक उघड उघड बसचालकाची असेल, मृत माणूस तरुण आणि कमावता असेल, तर ती सही करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विचारले पाहिजे. याच दुरुस्तीने दावा करण्यास सहा महिन्यांची मुदतही घातली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि त्या आव्हानाच्या भरवशावर सातवा महिना उजाडू देण्यात शहाणपण नाही.

प्रवाशाने विसरू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे आसनांची संख्या. विमा परवान्यातील आसनांपुरता असतो. काळी-पिवळीत नवाच्या जागी सतरा माणसे कोंबली आणि ती उलटली, तर विमा कंपनी परवान्यातील संख्येपुरतीच बांधील राहते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये यावर असा तोडगा काढला की, मंजूर रकमांपैकी परवानगीच्या संख्येइतक्या सर्वांत मोठ्या रकमा कंपनीने भराव्या आणि ती एकंदर रक्कम सर्व दावेदारांत वाटली जावी. बाकीचे वाहनमालकाकडून वसूल करावे. वाहनमालकाकडून वसुली म्हणजे काय, हे तहसील कचेरीत काम केलेल्या कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. आठवडी बाजाराच्या दिवशी टपावर बसणारा माणूस केवळ स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही, तर आत बसलेल्यांच्या भरपाईतही वाटेकरी होतो.

मालवाहू वाहनाची गोष्ट याहून बिकट आहे. अशा वाहनाच्या विम्यात मालाचा मालक अथवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मोडतो. फुकट बसलेला माणूस मोडत नाही. २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या शब्दांतच आणले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालेले वऱ्हाड, टेम्पोत उभे राहून देवदर्शनाला जाणारा गाव, खडीच्या ढिगावर बसून घरी परतणारे मजूर, ही दृश्ये विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर रोजची आहेत, आणि या सर्वांच्या डोक्यावर विम्याचे छत्र जवळजवळ नाही. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, ते चालकाचे. आणि त्याचा विमा शेतीच्या कामापुरता असतो. काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी रक्कम भरावयास लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली आहे. पण ती न्यायालयाची करुणा होय, विमेदाराचा हक्क नव्हे.

कामावरचा मजूर मात्र अगदीच उघड्यावर नाही. त्याच्या बाबतीत कामगार-नुकसानभरपाईचा कायदा उभा राहतो. कामाच्या ओघात मृत्यू आला तर मालकाची चूक असो वा नसो, त्याला भरपाई द्यावीच लागते. दरमहा १५ हजार किंवा त्याहून अधिक वेतन असलेल्या तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूबद्दल ती साडेपंधरा लाखांच्या घरात जाते. तो बांधकाम कामगार म्हणून राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला असेल, तर कामावरील मृत्यूबद्दल मंडळाकडून वारसास ५ लाख रुपयांचे साहाय्य वेगळे मिळते. एकाच अपघातासाठी कामगार-नुकसानभरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा या दोहोंखाली मात्र भरपाई मागता येत नाही. एकाची निवड करावी लागते. मुकादमाच्या वहीत ज्याचे नाव फक्त पहिल्या नावाने लिहिलेले आहे, ज्याच्या मजुरीची पावती नाही आणि ज्याचे घर हजार किलोमीटरवर आहे, अशा माणसाच्या वारसाने ही निवड कशी करावी, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. तढेगाव फाट्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला मात्र तो पडावा.

स्वतःच्या मोटारीतून प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गीयालाही एक धक्का बसण्यासारखा आहे. दुसऱ्या वर्षापासून पैसे वाचविण्यासाठी पुष्कळजण मोटारीचा केवळ सक्तीचा, त्रयस्थापुरता विमा घेतात. या विम्यात खाजगी मोटारीत बसलेले घरचे लोक, मित्र, किंवा दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांचा समावेश होत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. सर्वसमावेशक विमा असेल तरच मोटारीतील माणसे संरक्षित होतात. मोटारीच्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात-विमा २०१८ पासून आहे खरा, परंतु तो मालकाचा आहे, आणि चाकावर असताना त्याच्याजवळ वैध परवाना असला पाहिजे. गावात मोटार असणारे थोडे आणि मागून नेणारे फार. ज्याने मागून नेली त्याचे काय, हा विचार मोटार देणाऱ्याने करावयास हवा.

एस.टी., रेल्वे आणि पासबुकातील वीस रुपये

राज्य परिवहनासारख्या उपक्रमांना सक्तीच्या विम्यातून सूट देता येते, कारण त्यांनी स्वतःचा निधी ठेवावा असे कायद्यास अभिप्रेत आहे. एस.टी.च्या अपघाताचा दावा म्हणून थेट महामंडळावर होतो. १ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यता निधीसाठी घेतला जाऊ लागला आणि मृताच्या वारसास १० लाखांपर्यंत मदत देण्याची तरतूद झाली. तिकिटाच्या कागदावर हा रुपया दिसतो, पण तो कशासाठी हे विचारणारा उतारू विरळा. सहलीचा काळ आला की, खाजगी गाडी चार पैशांनी स्वस्त पडते म्हणून तिच्याकडे वळणाऱ्या मुख्याध्यापकांनी या फरकाची नोंद घ्यावी. खाजगी गाडीच घ्यावयाची झाल्यास तिचा परवाना, आसनसंख्या, योग्यता-प्रमाणपत्र आणि विमा यांच्या प्रती शाळेच्या फायलीत असाव्यात. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. ती सहलीच्याही उपयोगी पडू शकते, हे अनेक शाळांच्या ध्यानीमनी नसते.

दुसरबीडला रेल्वे नाही. जालना–खामगाव मार्गाची मागणी कित्येक पिढ्या ऐकत आल्या आहेत. म्हणून इकडचा प्रवासी जालन्याला जाऊन गाडी पकडतो. तिकीट त्याने भ्रमणध्वनीवरून काढले असेल तर शेवटच्या टप्प्यावर त्याला विमा हवा की नको असे विचारले जाते. हप्ता पन्नास पैशांहूनही कमी. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत आणि मृतदेह नेण्यासाठी १० हजार रुपये, असे त्याचे स्वरूप आहे. प्रतीक्षायादीतील तिकीट, खिडकीवर काढलेले तिकीट आणि अनारक्षित डबा यांना तो लागू नाही. म्हणजे ज्या डब्यात गर्दी अधिक आणि माणूस गरीब, तेथे हा पन्नास पैशांचा विमा पोचत नाही! शिवाय विमा घेतल्यानंतर कंपनीकडून जो दुवा येतो, त्यावर वारसाचे नाव भरावयाचे असते. तो संदेश जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पुसला जातो आणि वारसाची जागा कोरी राहते.

अनारक्षित डब्यातील उतारूसाठी रेल्वेचा स्वतःचा कायदा आहे. गाडीचा अपघात झाला, किंवा उतारू चालत्या गाडीतून पडला, तरी १९८९ च्या रेल्वे अधिनियमाखाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतः ओढवून घेतलेली इजा, मद्याची नशा किंवा आजाराने आलेला मृत्यू यांत ती मिळत नाही. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. सामानाबद्दल मात्र रेल्वेची भूमिका कोरडी आहे. नोंदवून पावती घेतलेल्या सामानाचीच ती जबाबदारी घेते आणि हाताशी ठेवलेल्या पेटीची चोरी झाली तर रेल्वेचा निष्काळजीपणा प्रवाशाने सिद्ध करावयाचा असतो.

ज्याला अंगावरचा विमा म्हणता येईल असा सर्वांत स्वस्त प्रकार बँकेच्या पासबुकात असतो. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराच्या अपघाती मृत्यूस वा पूर्ण अपंगत्वास २ लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख मिळतात. वर्ष १ जूनला सुरू होते. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात वीस रुपयेही नसतील तर संरक्षण खंडित होते, आणि पेरणीच्या तोंडावरचा तो महिना शेतकऱ्याच्या खात्याला सर्वांत जड असतो. या विम्यात मोडलेले हाड बसत नाही. पाय मोडून चार महिने घरी बसलेल्या माणसाला यातून छदामही मिळत नाही, आणि मग 'विमा म्हणजे लबाडी' असे त्याचे मत बनते. लबाडी नसते, त्याने घेतला होता तो मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा, आणि त्याला हवा होता तो औषधपाण्याचा. औषधपाण्यासाठी मे २०२५ पासून रस्ते-अपघातग्रस्तांकरिता केंद्राची रोकडरहित उपचार योजना आली आहे. नोंदलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार तीत होऊ शकतात.

स्वतःच्या विम्याची रक्कम मिळाली म्हणून मोटार अपघाताच्या भरपाईतून ती वजा होईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. आयुर्विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच ही भीती दूर केली, आणि तो दावा आपल्या राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धचाच होता. मृताने आयुष्यभर हप्ते भरून जमविलेल्या रकमेचा लाभ अपघात करणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागील विचार आहे.

'अपघात' ह्या शब्दाचा अर्थ

विम्याचे कागद वाचताना एका शब्दावर थांबणे भाग आहे. लोकभाषेत अवचित घडलेले कोणतेही अरिष्ट म्हणजे अपघात. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे, इच्छेविरुद्ध आणि बाह्य, दृश्य व हिंसक कारणाने घडलेली घटना. दुचाकी चालविताना हृदयविकाराचा झटका आला, माणूस खाली पडला आणि दगावला. हा अपघात की आजार? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात अपघात-लाभ नाकारला, कारण मृत्यू पडण्यामुळे आला हे सिद्ध झाले नव्हते. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात, आफ्रिकेतील मोझांबिक देशात काम करणारा माणूस डास चावून हिवतापाने वारला होता. डास बाहेरूनच येतो, चावणे अनपेक्षितच असते, असा वारसांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. जेथे हिवताप नित्याचा आहे तेथे तो होणे हा अपघात नव्हे, असे ठरले. वारीत उष्माघाताने कोसळणारा वारकरी आणि रस्त्यात वाहनाखाली सापडणारा वारकरी यांच्यात विम्याच्या लेखी जो फरक आहे, तो इथे आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने वारकऱ्यांसाठी जी विमा छत्र योजना जाहीर केली, तीत अपघाती मृत्यूच्या ५ लाखांबरोबर वारीतील आजारपणाच्या उपचारासाठी ३५ हजारांची वेगळी तरतूद करावी लागली, ती याचमुळे.

तीर्थयात्रा आणि सहली नेणाऱ्या मंडळींच्या पत्रकावर 'विम्यासह' असे छापलेले असते. हा विमा वाहनाचा की माणसाचा, अपघाताचा की आजाराचाही, आणि घरून निघाल्यापासूनचा की ठरावीक हद्दीतला, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. २९ जुलै २०२३ रोजी मलकापूरला दोन खाजगी बसची टक्कर होऊन सहा जण मेले. त्यांतील एक बस अमरनाथ यात्रा आटोपून हिंगोलीला परत चालली होती. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर बारा जण मृत्यू पावले. तेही बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या दर्शनाहून नाशिककडे परतत होते. यात्रा संपली असे माणसाला वाटते ती परतीची रात्रच अनेकदा घात करते. म्हणून विमा देवाच्या दारी संपतो की घराच्या दारी, हे पाहणे अगत्याचे.

परदेशप्रवासाच्या विम्याचा विचार पूर्वी शहरी सुखवस्तूंपुरता होता. आता सिंदखेडराजा-मेहकरच्या शाळांत शिकलेली मुले पुण्याहून अमेरिकेला गेली आहेत आणि निवृत्त शिक्षक आई-वडील नातवंडांसाठी सहा सहा महिने तिकडे राहून येतात. त्यांच्या विम्यात तीन गोष्टी पाहाव्या. पहिली म्हणजे पूर्वीपासूनचा आजार. मधुमेह, रक्तदाब लपवून घेतलेला विमा हा हप्ता भरून विकत घेतलेला वाद असतो. आणि आजार सांगितला तरी बहुतेक विम्यांत केवळ जीवघेण्या प्रसंगीचा खर्च मिळतो, नेहमीच्या औषधांचा नाही. दुसरी, प्रथम स्वतः सोसावयाची रक्कम. ती शंभर डॉलर असेल तर लहानसहान दुखण्यांचा सारा खर्च खिशातूनच जातो. तिसरी, पोटमर्यादा. वरती पन्नास हजार डॉलर लिहिलेले असते आणि साठीपुढील माणसासाठी आतल्या पानावर खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची भेट यांना वेगवेगळी कुंपणे घातलेली असतात. युरोपातील शेंगेन गटाच्या देशांनी किमान ३० हजार युरोंचा विमा प्रवेशपत्रासाठी आवश्यकच केला आहे. तो स्वस्तात स्वस्त घेण्याकडे कल असतो, कारण तो दूतावासासाठी घेतला जातो, स्वतःसाठी नाही. इथला विमा इथून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि रुग्णालयात भरती होताना कंपनीच्या साहाय्य-क्रमांकावर कळविणे बहुधा बंधनकारक असते. तो क्रमांक आई-वडिलांच्या पारपत्रात कागदावर लिहून ठेवलेला बरा.

दावा करण्याच्या वेळी जे लागते ते फारसे गूढ नाही: प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचे नाव, रुग्णालयाची मूळ देयके. दिवस मात्र मोजके असतात. सुरक्षा विमा योजनेत आणि शेतकऱ्यांसाठीच्या राज्याच्या अपघात सानुग्रह योजनेत तीस दिवसांच्या आत अर्ज अपेक्षित आहे; तेराव्यापर्यंत थांबले तर निम्मी मुदत निघून जाते. पिंपळखुट्याच्या आगीत तिकिटे, ओळखपत्रे, भ्रमणध्वनी सारेच जळाले. तिकिटाची आणि विम्याची एक प्रत घरी ठेवून निघण्याला खर्च काही येत नाही.

विम्याचा करार इंग्रजीत, बारीक टाइपात असतो, ही तक्रार जुनी आहे. आरोग्य-विम्याच्या ग्राहकाला मुख्य अटींचे माहितीपत्रक, मागितल्यास, त्याच्या भाषेत देण्याचे बंधन विमा नियामकाने १ जानेवारी २०२४ पासून घातले आहे; मराठीत ते मागणारे किती निघतात यावर पुढचे अवलंबून आहे. स्वतः घेतलेल्या विम्याचा दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. बुलढाणा जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. ५० लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रार साध्या कागदावर टपालाने पाठविली तरी चालते.